थेट मालकाकडून घेतलेली जुनी गाडी सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली तर काय करायचं: नाशिककरांसाठी

नाशिकमध्ये पहिली गाडी जुनीच घ्यायची, असं ठरवणारी घरं पुष्कळ आहेत. सातपूर-अंबडला नोकरी, आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं, वर्षातून दोनदा वणीला जायचं; एवढ्यासाठी नव्या गाडीचा हप्ता कशाला, हा हिशोब चुकीचा नाही. एजंटचं कमिशन वाचावं म्हणून थेट मालकाकडून घ्यावी, हेही ठीक. अडचण पुढे येते. जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, ४२ हजार रनिंग’ असं असतं आणि महिनाभरात गॅरेजवाला बॉनेट उघडून सांगतो, की गाडी पुढून जोरात ठोकलेली आहे. मालकाला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही बघूनच घेतली ना? आता माझा काय संबंध?’

संबंध असतो. पण तो कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कळल्याशिवाय भांडायला जाऊ नये.

जुन्या मालाच्या खासगी विक्रीत माल चांगलाच असेल, अशी हमी कायदा आपणहून देत नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चा साधारण नियम असा, की घेणाऱ्याने पारखून घ्यावं. त्यामुळे ‘महिन्यात क्लच गेला’ एवढ्यावर पैसे परत मागता येत नाहीत. मात्र विकणाऱ्याने एखादी गोष्ट खरी म्हणून सांगितली, ती खोटी निघाली आणि तिच्यावर विसंबून तुम्ही पैसे मोजले, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ लागू होतो. कलम १७ मध्ये कपट, कलम १८ मध्ये चुकीची माहिती देणं आणि कलम १९ मध्ये अशा करारातून बाहेर पडण्याचा हक्क आहे. म्हणून तुमची केस गाडी किती खराब आहे यावर ठरत नाही. मालक काय बोलला आणि ते तुम्ही दाखवू शकता का, यावर ठरते. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

समोरचा खरंच खासगी विक्रेता आहे का

हे आधी बघा, कारण दाद कुठे मागायची ते यावरून ठरतं. स्वतःची एक गाडी विकणारा शेजारी किंवा नोकरदार माणूस ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या अर्थाने व्यापारी नसतो. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात गेलात तर तक्रार बहुधा दारातच अडते. पण मालक असल्याचं भासवणारे डीलरही असतात. एकाच मोबाइल नंबरावर चार गाड्यांच्या जाहिराती, आरसीवर नाव भलत्याचं, ‘भावाची गाडी आहे, तो दुबईला असतो’ असं सांगणं, पैसे तिसऱ्याच खात्यात मागणं, या त्याच्या खुणा.

तो जुन्या गाड्यांचा धंदा करतो हे दाखवता आलं, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा होतो आणि तो स्वस्त आहे: व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते मागा. नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

टोकनआधी एक मेसेज

संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

करार अधिनियमाच्या कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. ‘अ’ने लिलावात ‘ब’ला घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे ‘अ’ला ठाऊक होतं, पण तो काही बोलला नाही. हे कपट धरलेलं नाही. पुढच्या एका उदाहरणात ‘ब’ आधीच म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन,’ आणि ‘अ’ गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं बोलण्यासारखंच मानलं आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा आज व्हॉट्सॲपवर तुमच्या कामी येतो. गाडी बघून घरी आलात की मालकाला असा मेसेज टाका:

‘नमस्कार दादा, काल वेळ काढून गाडी दाखवलीत, आभार. तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे तुम्ही पहिलेच मालक, मीटर ४२ हजार खरा, कुठेही मोठा अपघात नाही, गाडी पाण्यात बुडालेली नाही, कर्ज पूर्ण फिटलेलं आहे. यात काही वेगळं असेल तर टोकनआधी कळवा. काही कळवलं नाहीत तर हे सगळं बरोबर आहे असं धरून मी व्यवहार करतो.’

सरळ माणूस ‘हो, बरोबर’ म्हणतो, किंवा ‘मागचा बंपर एकदा बदललाय’ असं सांगून मोकळा होतो, आणि तेवढ्याने व्यवहार बिघडत नाही. ‘अहो, लिहायचं काय त्यात, भेटून बोलू’ असं उत्तर आलं तर जरा थांबा. प्रश्न मोघम ठेवू नका. ‘गाडी चांगली आहे ना?’ याला ‘एक नंबर’ असं उत्तर येतं आणि त्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. प्रत्येक विकणारा आपल्या मालाची तारीफ करतोच. मालकी किती, मीटर किती, अपघात, पाणी, कर्ज ही खरी-खोटी ठरवता येतील अशी विधानं आहेत, तीच विचारा.

जाहिरातीचाही पूर्ण स्क्रीनशॉट घ्या: फोटो, मजकूर, किंमत, नंबर, तारीख. व्यवहार झाला की जाहिरात काढून टाकली जाते.

तपासणी कायद्यासाठीही करायची असते

कलम १९ ला एक अपवाद जोडलेला आहे. मालक नुसता गप्प बसला, किंवा त्याने न जाणता चुकीचं सांगितलं, आणि साधी काळजी घेतली असती तर खरं काय ते तुम्हाला कळलं असतं, अशा वेळी करार रद्द करायचा हक्क राहत नाही. उघड थाप मारली असेल तर हा अपवाद त्याच्या मदतीला येत नाही. पण ‘सहज दिसण्यासारखं होतं’ असं म्हणायची जागा तरी कशाला ठेवायची?

ऑनलाइन काम आधी उरका. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, नोंदणीची तारीख, बँकेच्या कर्जाचा बोजा, विम्याची मुदत दिसते. चलनं वेगळी तपासा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नसल्याचा दाखला निघतो, तोही काढा. दिल्ली-हरियाणा पासिंगची गाडी फार स्वस्त मिळत असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. ती मिळाली तरी महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तो खर्च धरला की स्वस्ताई बरीच आटते.

आता गाडीपाशी या. आपला मेकॅनिक बरोबर घ्या, मालकाने सुचवलेला नको. आधी फोन करून सांगा, की गाडी सकाळपासून चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज किंवा धूर तुम्हाला दिसू नये, अशी सोय झालेली असू शकते. बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या गाडीत त्यांच्यावरचा रंग अखंड असतो, पाना लागला की कडा खरवडतात. दाराचं रबर थोडं सोडवून पिलरवरचे स्पॉट वेल्डचे गोल खळगे एकसारखे आहेत का पाहा. ठोकलेल्या बाजूला ते बुजलेले किंवा वेडेवाकडे असतात. काचांवरचे छापील कोड एकमेकांशी जुळायला हवेत.

मीटर मागे केलाय की नाही हे मीटर बघून कळत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, मीटर २८ हजार आणि चारही टायर २०१९ चे, तर इतक्या लवकर टायर का बदलले, हे विचारायलाच हवं. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची बसलेली कड मीटरशी जुळते का बघा. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद. मालकालाच सोबत घेऊन जा आणि त्याच्या हजेरीत हिस्ट्री मागा. काही लपवायचं नसेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

पाण्यात बुडालेल्या गाडीचा मुद्दा नाशिकमध्ये हलका घेऊ नये. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचा पूर नदीकाठच्या पेठांनी पाहिलाय, आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावर पुराची पातळी मोजणाऱ्या शहराला ते वेगळं सांगायला नको. बाहेरूनही अशा गाड्या येऊ शकतात: ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पॉलिश मारलं, सीट कव्हर बदललं की गाडी नवी दिसते. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तिथे चिखलाची रेघ, डाग किंवा कुबट वास राहतो, आणि धुवायला कोणी तिथवर जात नाही. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा, सीटच्या रुळांना खालून बोट लावून गंज बघा.

मग गाडी चालवा. गल्लीत फेरी मारून काही कळत नाही, मुंबई-आग्रा महामार्गावर विल्होळीपर्यंत तरी न्या.

कागद आणि पैसे

पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, बँकेतून. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही उरत नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर साधा विक्री करार करा. त्यात मीटरचा आकडा, मेसेजमधली तीच पाच विधानं आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ येऊ द्या. ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ हे वाक्य मालक घालेल. घालू दे, त्याने खोटं बोलण्याचा परवाना मिळत नाही.

फॉर्म २९ (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज) यांवर सह्या त्याच दिवशी. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एमएच १५ चं कार्यालय पेठ रोडला आहे, बरंचसं काम ऑनलाइन सुरू होतं. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्याचा थोडा फरक भरावा लागेल.

खोटं उघडकीस आलं: पहिल्या आठवड्यात

राग येतो, आणि रागात माणूस नेमकी नको ती गोष्ट करतो: गॅरेजमध्ये गाडी खोलून दुरुस्त करून घेतो आणि बिल मालकाला पाठवतो. पुरावा त्याच दुरुस्तीत जातो. गाडी आहे तशी उभी करा. मीटरचा फोटो काढा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा परवानाधारक विमा सर्व्हेअरकडून लेखी अहवाल घ्या: कोणता भाग बदललेला आहे, काम साधारण केव्हाचं दिसतं, सर्व्हिसच्या नोंदीत कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते. ‘गाडी ठोकलेली आहे’ एवढं तोंडी पुरत नाही.

मेकॅनिक जे दाखवतो त्याचा व्हिडिओ त्याच्या आवाजासह करा. चॅट, कॉल रेकॉर्डिंग, स्क्रीनशॉट ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आणि मालकाला त्याच आठवड्यात लेखी कळवा. गाडी नाकारतोय हे न सांगता वाजवी काळाहून अधिक ठेवून घेतली, तर वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे तुम्ही ती स्वीकारली असं धरतात. सगळं कळल्यावरही दोन महिने गाडी वापरत राहिलात, तर ‘करार रद्द करा’ म्हणायला तोंड राहत नाही.

गाडी परत करायची की भरपाई घ्यायची

दोन्ही एकदम मागता येत नाही, म्हणून घरी बसून आधीच ठरवा. करार रद्द केला तर गाडी परत, पैसे परत. भरपाई घ्यायची तर गाडी तुमच्याकडे राहते आणि फरकाची रक्कम मिळते. समजा, इंदिरानगरच्या एका ताईंनी नॉन-ॲक्सिडेंट म्हणून गाडी साडेतीन लाखांना घेतली. तीच गाडी अपघात झालेली म्हणून बाजारात दोन लाख साठ हजारांची असल्याचं सर्व्हेअरने लिहून दिलं. फरक ९० हजारांचा, वर अहवालाचा खर्च. एवढं मागणं न्यायाधीशाला पटतं. मनस्तापाचे पाच लाख जोडले की खऱ्या ९० हजारांचंही वजन कमी होतं.

माझं मत सांगायचं तर पाणी शिरलेली गाडी ठेवू नये, वायरिंगची कटकट वर्षानुवर्षं चालते. मीटर मागे केलेली पण धडधाकट गाडी असेल तर फरक घेऊन ठेवायला हरकत नाही.

नोटीस

आधी स्वतः लिहा, वकिलाची नंतर. भाषा शांत ठेवा, धमकी नको. गाभा एवढाच: ‘अमुक तारखेला आपण एमएच १५ … ही गाडी मला इतक्या रकमेस विकली. त्यापूर्वी अमुक तारखेच्या मेसेजमध्ये गाडीस अपघात नसल्याचे आपण मान्य केले. सोबतच्या अहवालानुसार पुढचा डावा ॲप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) बदललेला आहे. आपल्या सांगण्यावर विसंबून मी व्यवहार केला. हा व्यवहार मी रद्द करीत असून गाडी परत देण्यास तयार आहे. १५ दिवसांत रक्कम परत करावी.’ पोस्टाने, पोच घेऊन पाठवा, आणि तीच व्हॉट्सॲपवरही टाका. अहवालाची प्रत जोडा, मूळ प्रत कधीच देऊ नका.

बरीच भांडणं इथे मिटू शकतात, कारण स्वतःचाच मेसेज समोर आला की मालकाला पळवाट उरत नाही.

पोलिसांकडे केव्हा

ठाण्यात ‘हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा’ असं ऐकायची तयारी ठेवा. त्यात काही वेळा तथ्यही असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला विकतानाच बेइमानीचा हेतू होता, हे दिसावं लागतं. विक्रीच्या दोन महिने आधीचं, त्याच मालकाच्या नावाचं मोठ्या अपघाताच्या दुरुस्तीचं बिल मिळालं, तर हेतू दिसतो. बनावट आरसी, बदललेला चेसिस नंबर, खोटी एनओसी, चोरीची गाडी असेल तर नोटिशीत दिवस घालवू नका, सरळ ठाण्यात जा. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, निफाड-सिन्नरकडे असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षक. तक्रार लेखी द्या आणि शिक्क्याची पोच मागा. नोंद घेतली नाही तर वरिष्ठांना पोस्टाने पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पोलिसांचा धाक दाखवून पैसे काढू, असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नका.

न्यायालय, लोकअदालत आणि तडजोड

मालक पुण्याचा असला तरी गाडीचा ताबा किंवा पैसे नाशिकमध्ये दिले असतील तर दावा नाशिकमध्ये लावता येतो. मुदत साधारण ३ वर्षांची. कपटाच्या बाबतीत ती खोटं कळल्यापासून मोजली जाते. दिवाणी दावा लांबतो हे खरं आहे, म्हणून आधी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करून बघा. लोकअदालतीत ठरलं तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोड झाली तर लिहून घ्या. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करू नका; चेक दिला असेल तर तो वटू द्या. गाडी परत देताना तुमच्या नावावर झालेली असेल तर फॉर्म २९ आणि ३० पुन्हा भरावे लागतात, आणि आरटीओत नाव बदलेपर्यंत कायदा तुम्हालाच मालक समजतो. मधल्या काळात अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या केसमध्ये तुमचं नाव येईल. तेव्हा परतीच्या पावतीवर मीटरचा आकडा, तारीख आणि वेळ लिहा, त्याची सही घ्या, किल्ल्या देतानाचा एक फोटो काढा, आणि नाव बदललेलं वाहन पोर्टलवर दिसेपर्यंत विमा बंद करू नका.